एका हातपंपाचे परीक्षण

दिवाळी अंकात कादंबरीचे परीक्षण येते, नाटकाचे येते, चित्रप्रदर्शनाचेही कधीमधी येते. हातपंपाचे परीक्षण निदान माझ्या तरी वाचनात आलेले नाही. संपादकांनी विषयाचे बंधन घातले नाही, या सवलतीचा फायदा घेऊन मी ते लिहीत आहे. आणि विनोदाने लिहीत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. ज्या कृतीला दिवसभर साऱ्या वस्तीचे हात लागतात तिचे गुणदोष पाहण्याची निकड एखाद्या काव्यसंग्रहाहून कमी आहे, असे कोणी अद्याप सिद्ध केलेले नाही.

हा हातपंप गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला. आमच्याकडे त्याला बोरिंग म्हणतात. प्रदेश तळ्यांचा, नवेगावबांधचा जलाशय याच तालुक्यात, आणि कोहळ्यांनी बांधलेले लहानमोठे तलाव गावोगाव. परंतु धानाचे पाणी वेगळे आणि पिण्याचे वेगळे. घराशी नळ आले तरी ऐन वैशाखात बायकांची पावले अजून बोरिंगकडेच वळतात.

या वस्तूचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. आपल्याकडे आधी जे ओतीव लोखंडाचे पंप बसवले गेले, ते युरोप-अमेरिकेतल्या एकेका शेतकरी कुटुंबासाठी योजलेल्या पंपांच्या नकला होत्या. एका घरासाठी केलेल्या वस्तूवर सारे गाव तुटून पडले म्हणजे जे व्हायचे तेच झाले. पंप भराभर निकामी झाले. यावरचा तोडगा महाराष्ट्रातच निघाला. १९६०च्या दशकात जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या मंडळींनी पोलादी, एकाच सांध्यावर हलणारा पंप घडवला, आणि त्या सोलापुरी पंपावरूनच १९७०च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ सिद्ध झाला. तोच हा.

आता कृतीकडे वळू. दांडा भरीव आणि लांब आहे. त्याच्या वजनाने खालच्या सळयांचा भार तोलला जातो. मर्ढेकरांनी लयीच्या विचारात ज्याला समतोल म्हटले तो इथे शब्दशः वजनाचा आहे, हे पाहून त्यांना कदाचित गंमत वाटली असती. दांडा तोटीच्या बरोबर विरुद्ध दिशेला, मधल्या रेषेत आहे. त्यामुळे हा पंप उजव्या हाताचाही नाही आणि डावऱ्याचाही नाही. पोर त्याला लोंबकळते आणि अंगाच्या भाराने पाणी काढते. धिप्पाड गडी एका हाताने काढतो. वापरण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. दोषही आहे. दांड्याशी उभे राहिले की तोटी लांब राहते. एकटीने पाणी भरायचे तर कळशी कलंडली तरी हात पोहोचत नाही. दोघी लागतात. पण हा दोष मी मोठा मानत नाही. गावात त्याच्या निमित्ताने पुष्कळ बोलणे होते.

एवढी प्रशंसा मी एकदा आमच्या आत्याबाईंसमोर केली. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय कमजोर झालेला; काठीवाचून चालणे नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “हात तं चालते रे बाबू, पाय कुठी ठेवू?”

माझे सारे रसग्रहण त्या एका प्रश्नाने जमिनीवर आले. मी पंप पाहिला होता, ओटा पाहिला नव्हता. सिमेंटचा गोल ओटा, भोवती वीतभर उंच काठ, वर बारमाही शेवाळ. सांडलेले पाणी बाहेर जावे म्हणून काठाला एके ठिकाणी खाच ठेवून नाली काढलेली. म्हणजे बांधणाराने पाण्याची वाट आठवणीने ठेवली होती.

महाराष्ट्रात पाणी सर्वांना खुले करण्याचा इतिहास मोठा आहे. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तिथे अडवणारा माणूस होता, आणि त्याच्याशी लढता येत होते. वीतभर काठाशी कसे लढायचे? तो कोणाला मज्जाव करीत नाही. आत्याबाईंना बोरिंग खुलेच होते, फक्त तिथे जाता येत नव्हते. आमच्या टीकेने ‘खुले’ आणि ‘गाठता येण्याजोगे’ यांतला हा फरक कधी मनावर घेतला नाही. तो घेतला रोनाल्ड मेस या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने. बालपणी पोलिओ झालेला हा माणूस स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून घरांचे आराखडे करी, आणि ‘सर्वांसाठी रचना’ ही कल्पना त्यानेच रूढ केली. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची व्याख्याही आहे. पुढे नियम मात्र असे झाले की पाळले तर बरे, न पाळले तरी चालेल. २०२४च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते कायद्याशी विसंगत ठरवले. दिल्लीतला निकाल ओट्यापर्यंत यायला किती दिवस लागतात, हे मी आत्याबाईंना सांगू शकलो नाही.

यंदा ओटा फुटला म्हणून नवा घालायचे ठरले. मी गवंड्याला म्हटले, काठ काढून टाक. तो म्हणाला, “मंग पाणी कुठी जाईन? चिखल होईन ना!” आक्षेप बिनतोड होता. काठ दुष्टपणाने आलेला नव्हता, हे मी त्या क्षणापर्यंत ध्यानातच घेतले नव्हते. थोडा वेळ त्याने थापी हातात फिरवली. मग रस्त्याच्या बाजूला हातभर रुंदीत काठ दोन्हीकडून निमुळता उतरवला, पाणी अडेल आणि काठीही अडणार नाही असा, आणि ओले सिमेंट खराट्याने खरखरीत केले. हे कोणत्या पुस्तकात आहे, असे मी विचारले नाही.

सिमेंट सुकल्यावर आत्याबाईंना घेऊन मी गेलो, तेव्हा त्या उतारावरून दोन कॅन लटकावलेली एक सायकल आधीच वर चढली होती. आम्ही तिच्यामागे नंबर लावला.