कुराणांतील चंद्र व दप्तरांतील चंद्र

मोरीस बुकाय या फ्रेंच वैद्यांचा बायबल, कुराण व विज्ञान यांविषयींचा ग्रंथ इ. स. १९७६ मध्यें प्रसिद्ध झाला. कुराणाच्या २१ व्या सूऱ्यांतील सूर्यचंद्रांच्या भ्रमणाच्या वचनांत अर्वाचीन ग्रहकक्षा, व ५१ व्या सूऱ्यांतील आकाशाच्या उल्लेखांत विश्वाचें प्रसरण त्यांनीं दाखविलें आहे. याचा इतिहाससंशोधनाशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध निकटचा आहे. सातारा, सांगली, मिरज येथील पेशवेकालीन पत्रांवर 'छ' या अक्षरापुढें जी मिति असते, ती याच चंद्राची.

मूळ वाचतां यावें म्हणून बुकाय अरबी शिकले, हा उद्योग प्रशंसनीय होय. परंतु त्यांची पद्धति ग्राह्य वाटत नाहीं. 'फलक' या अरबी शब्दाचा भाव वर्तुळाकार मार्ग एवढाच आहे. टॉलेमीचें ज्योतिष मानणाऱ्या कांहीं जुन्या टीकाकारांनीं त्यांत आकाशाचे गोल पाहिले. बुकाय आजच्या कक्षा पाहतात. जो शब्द प्रत्येक शतकाच्या ज्योतिषास सारखाच अनुकूल होतो, तो कोणत्याच ज्योतिषाचें प्रमाण होऊं शकत नाहीं. हा दोष परक्यांचाच नव्हे. स्वामी दयानंदांनीं ऋग्वेदादिभाष्यभूमिकेंत तारायंत्राची विद्या वेदांत दाखविली आहे.

कुराणानें ज्योतिषास खरोखर जें दिलें, तें निराळें व अधिक महत्त्वाचें आहे. ९ व्या सूऱ्यांत महिने बाराच ठरवून 'नसी', म्हणजे महिना मागेंपुढें सारण्याची चाल, निषिद्ध केली आहे. त्यामुळें अधिक मासास जागा उरली नाहीं. बारा चांद्रमासांचे दिवस सुमारें ३५४.३७; सौरवर्षाहून ते जवळजवळ ११ नीं कमी. म्हणून मोहरम सुमारें ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. शेतसाऱ्यास असें वर्ष निरुपयोगी. यास्तव दक्षिणेंत मृगाच्या सूर्याबरोबर बदलणारा सुहूर सन रूढ झाला. महिने व तारखा मात्र चांद्रच राहिल्या.

आतां गणिताकडे वळूं. तीस वर्षांत अकरा अधिक दिवस धरिले म्हणजे १०,६३१ दिवस होतात, व या हिशेबांत एक दिवसाची चूक पडण्यास सुमारें अडीच हजार वर्षें लागतात. तथापि हें सरासरीचें गणित होय. महिना लागतो तो डोळ्यांस कोर दिसल्यावर, साधारणतः शुद्ध प्रतिपदेच्या किंवा द्वितीयेच्या सायंकाळीं. व तारीख सूर्यास्तापासून बदलते. पानिपतचा दिवस घ्या: शके १६८२ पौष शुद्ध ८, बुधवार, १४ जानेवारी १७६१, सन इहिदे सितैन मया व अलफ. कोष्टकाप्रमाणें त्या दिवशीं छ ७ जमादिलाखर येते. परंतु एखाद्या गांवीं कोर एक दिवस उशिरा दिसली असती, तर तेथील लेखकानें छ ६ लिहिलें असतें, व तेंही यथार्थच ठरतें. अजिंक्यताऱ्यावर आषाढश्रावणांत ढग उतरले म्हणजे कोर दिसणें दुर्घट. अशा वेळीं तीस दिवस पुरे करून महिना पालटतात.

आमच्या परिचयाच्या एका संग्राहकांनीं जंत्रीशीं एका दिवसाचा फरक पडला एवढ्याच कारणानें एक पत्र कृत्रिम ठरवून रद्दींत टाकिलें. कागद, अक्षर, मजकूर यांत संशयास जागा नव्हती. पत्र गेलें तें गेलेंच. तेव्हां फरक एक दिवसाचा असल्यास वार व तिथि प्रमाण मानावी, व मूळ मिति जशीच्या तशी छापून फरक टीपेंत द्यावा. दोनतीन दिवसांचा फरक, किंवा सन व मास यांचा विरोध आढळल्यास मात्र संशय अवश्य घ्यावा.

धर्मवचन विज्ञानाच्या मापानें ताणणें व जुनें पत्र जंत्रीच्या मापानें कापणें, या दोन्हींचें मूळ एकच आहे: लिहिणाऱ्यास काय म्हणावयाचें होतें, हें आधीं न विचारणें.