माप कोणाचे? स्तनवर्धन शस्त्रक्रियेतील आकारनिवडीची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी समीक्षेत सौंदर्याचा विचार विपुल झाला आहे. बा. सी. मर्ढेकर यांचे 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) आणि रा. भा. पाटणकर यांचे 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) हे ग्रंथ त्याची साक्ष देतात. मात्र हा विचार कलाकृतीपुरता राहिला. ज्या सौंदर्यासाठी हाडामांसाच्या देहावर शस्त्र चालते त्याची चिकित्सा वैद्यकाकडे सोपवून साहित्य व समाजशास्त्रे मोकळी झाली. स्तनवर्धन शस्त्रक्रियेत रोपणाचा आकार किती असावा, हा प्रश्न वरवर पाहता शल्यविशारद आणि स्त्री या दोघांपुरता वाटतो. वस्तुतः या एका निर्णयात शरीरशास्त्र, बाजार, परंपरा आणि स्त्रीचे स्वातंत्र्य हे सारे एकमेकांत गुंतलेले असतात. प्रस्तुत लेखात आकारनिवडीच्या प्रचलित पद्धतींची चिकित्सा करून, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये उभ्या केलेल्या कसोटीवर त्या तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

आकारनिवडीच्या दोन पद्धती

सिलिकॉनचे पहिले स्तनरोपण १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी केले. तेव्हापासून आकार ठरविण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती रूढ झाल्या. पहिली पद्धत इच्छेची. स्त्रीने एखादे छायाचित्र दाखवावे किंवा ब्राच्या कपाचे अक्षर सांगावे आणि शल्यविशारदाने त्याच्या जवळ जाणारे रोपण निवडावे. या पद्धतीचा पाया कच्चा आहे. कपाचे अक्षर हे आकारमान नव्हे. छातीचा घेर बदलला की त्याच अक्षराचा अर्थ बदलतो, आणि निरनिराळ्या उत्पादकांच्या मापांतही एकवाक्यता नसते. रोपणाचे आकारमान सी.सी.मध्ये मोजले जाते. परंतु ३०० सी.सी.चे एकच रोपण अरुंद छातीवर ठसठशीत दिसते, तर रुंद छातीवर जेमतेम जाणवते. मैत्रिणीला शोभलेला आकडा आपल्यालाही शोभेल, ही समजूत म्हणूनच फसवी ठरते.

दुसरी पद्धत मोजमापाची. जॉन टेबेट्स आणि विल्यम अ‍ॅडम्स यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पाच मापांवरून पाच निर्णय घेतले जातात. स्तनाच्या पायाची रुंदी, त्वचेचा ताण, वरच्या भागातील ऊतींची जाडी, स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचे अंतर आणि आधीच असलेल्या ऊतींचे प्रमाण यांवरून रोपणाचे आकारमान ठरते. रोपण स्नायूच्या वर बसवावे की खाली, हेही याच मापांतून निश्चित होते. पायाच्या रुंदीपेक्षा रुंद रोपण बसविले तर काळाच्या ओघात ऊती ताणल्या जातात व पातळ होतात, रोपणाच्या कडा किंवा सुरकुत्या बाहेरून जाणवू लागतात आणि रोपण खाली सरकण्याचा संभव वाढतो. 'अंगापेक्षा बोंगा मोठा' ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

परंपरेतील माप

देहाचे माप देहातूनच घ्यावे, हा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील 'चित्रसूत्र' या प्रकरणात मानवी आकृतीची मापे अंगुलांत दिली आहेत. हे अंगुल बाहेरच्या एखाद्या पट्टीवरचे नाही, ते त्या आकृतीचे स्वतःचे आहे. हंस प्रकारचा पुरुष १०८ अंगुले उंच असतो, तो त्याच्याच अंगुलाने. स्त्रीच्या आकृतीत स्तन छातीच्या मापाला अनुरूप असावेत, असाही संकेत तेथे आहे. पायाच्या रुंदीवरून रोपण ठरविणारा आजचा शल्यविशारद नकळत याच तत्त्वाशी येऊन पोहोचतो. गावोगावच्या चोळीचा न्यायही तोच. चोळी अंगाच्या मापाने बेतली जाते, अंग चोळीच्या मापाने बेतले जात नाही.

तथापि याच परंपरेची दुसरी बाजू दृष्टिआड करता येत नाही. चित्रसूत्रात स्त्रीची उंची पुरुषाच्या खांद्यापर्यंत असावी, तिची कंबर पुरुषाच्या कमरेपेक्षा दोन अंगुले बारीक असावी, असे सांगितले आहे. म्हणजे पुरुषाचे माप स्वयंसिद्ध आणि स्त्रीचे माप त्याच्यावरून काढलेले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील स्त्रीदेह असो, हालाच्या संग्रहातील महाराष्ट्री प्राकृत गाथा असोत किंवा पेशवाईतील शृंगारिक लावणी असो, स्तनांचे वर्णन पाहणाऱ्याच्या दृष्टीतून घडत गेले आहे. गाथांमध्ये व लावण्यांमध्ये बोलणारी अनेकदा स्त्री असते, हे खरे. परंतु तिच्या मुखातून उमटणारा देहही बहुधा पाहिला जाणारा देहच असतो. छायाचित्र दाखवून आकार मागण्याची आजची रीत या दीर्घ सवयीचीच पुढची पायरी आहे.

ताराबाईंची कसोटी

बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले आणि पुढे जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर स्त्रीजातीवर झालेल्या टीकेला दिलेले हे उत्तर होते. ताराबाईंच्या युक्तिवादाचा गाभा साधा आहे. स्त्रीचे गुणदोष कोण मोजतो, कोणत्या पट्टीने मोजतो आणि तीच पट्टी तो स्वतःला लावतो काय? साहेबी पेहराव व आचार पुरुषांनी आनंदाने स्वीकारले, धर्म बुडविल्याचा ठपका मात्र स्त्रीच्या माथी आला, ही विसंगती त्यांनी निर्भीडपणे दाखविली. तत्कालीन नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणालाही त्यांनी सोडले नाही.

हीच कसोटी आकारनिवडीला लावली तर दोन्ही पद्धती अपुऱ्या ठरतात. पहिल्या पद्धतीत इच्छा स्त्रीची म्हणून नोंदली जाते, पण तिची पट्टी जाहिरातीने, चित्रपटाने किंवा लग्नाच्या बाजाराने आधीच आखलेली असू शकते. दुसऱ्या पद्धतीत पट्टी देहाची असते, पण ती हाती धरणारा एकटा शल्यविशारद असतो. ऊती किती ताण सोसतील हे माप सांगते. त्या मर्यादेत स्त्रीला काय हवे आणि कशासाठी हवे, हे माप सांगत नाही. पहिली पद्धत देह विसरते, तर दुसरी स्त्रीला विसरण्याचा धोका पत्करते.

येथे उलट टोकाला जाणेही उचित नाही. आकार वाढवू इच्छिणारी प्रत्येक स्त्री फसलेली आहे, असे ठरविणे म्हणजे तिचे माप पुन्हा दुसऱ्याने घेणे होय. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून देहाविषयीचा संकोच दूर करण्यासाठी आणि व्यक्तीच्या निवडीचा हक्क राखण्यासाठी खटले सोसले. त्यांचा वारसा मानणाऱ्यास स्त्रीची इच्छा सरसकट नाकारता येत नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर पुनर्रचना करून घेणाऱ्या, किंवा जन्मतःच दोन स्तनांत मोठी तफावत असलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर आकाराचा प्रश्न हौसेचा नसून समतोलाचा असतो. तामिळनाडू सरकारने २०१८ मध्ये चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात अशा शस्त्रक्रिया विनामूल्य उपलब्ध करून दिल्या, तेव्हा सार्वजनिक पैशाच्या विनियोगावर वाद झाला. गरीब स्त्रीची देहविषयक इच्छा तेवढी अनावश्यक का मानावी, हा त्या निर्णयामागचा प्रश्न मात्र ताराबाईंच्या तुलनेच्या जवळचा आहे.

काळाचे माप

दोन्ही पद्धतींत एक माप हमखास सुटते, ते काळाचे. रोपण आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही. ते फाटू शकते, त्याभोवतीचे आवरण आकसून कठीण होऊ शकते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. आकार बदलून हवा असणे हेही अशा पुनःशस्त्रक्रियेच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. म्हणजे पहिल्या निवडीतील घाई दुसऱ्या वेळी शस्त्राखाली नेते. गर्भारपण, स्तनपान, वजनातील चढउतार आणि वय यांमुळे नैसर्गिक ऊती बदलत राहतात, रोपण मात्र त्यांच्याबरोबर बदलत नाही.

वस्तूच्या निवडीचा इतिहासही सावध करणारा आहे. फ्रान्समधील पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरल्याचे २०१० मध्ये उघड झाले. खरबरीत पृष्ठभागाच्या काही रोपणांचा एका दुर्मीळ लसिका-कर्करोगाशी संबंध आढळल्याने अ‍ॅलरगन कंपनीने २०१९ मध्ये ती जगभरातून परत घेतली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ठळक इशाऱ्याची आणि निर्णयापूर्वी रुग्णासमवेत वाचावयाच्या जोखीमसूचीची सक्ती केली. किती सी.सी. या प्रश्नाआधी कोणते, कशाचे आणि किती वर्षांसाठी हे प्रश्न यायला हवेत, असाच या घटनांचा अर्थ आहे.

मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावी या काळाच्या मापाला विशेष अर्थ प्राप्त होतो. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील या गावातून मोठ्या शहरातील रुग्णालय गाठणे अशक्य नाही. एकदा जाऊन शस्त्रक्रिया करून येणे एक वेळ जमेल, परंतु सिलिकॉनच्या रोपणाची काही वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआयने पुनःपुन्हा करावयाची तपासणी, तिचा खर्च आणि घरात पाळावी लागणारी गुप्तता हे ओझे वर्षानुवर्षे वाहावे लागते. जी शस्त्रक्रिया कोणाला सांगता येत नाही, तिच्यातील गुंतागुंतही वेळेवर सांगितली जात नाही.

निष्कर्ष

आकारनिवडीत देहाचे माप मर्यादा ठरविते, स्त्रीचा हेतू त्या मर्यादेत दिशा देतो आणि काळाचे माप निर्णयाची किंमत सांगते. यांपैकी कोणतेही एक वगळले तर संमतिपत्रावरील सही संमती ठरत नाही. शल्यविशारदाने 'किती हवे' याबरोबर 'कशासाठी हवे' हे विचारणे आणि मोजलेली मापे स्त्रीला तिच्या भाषेत समजावून सांगणे, हा त्याच्या कौशल्याचा भाग मानला गेला पाहिजे. महाविद्यालयांची जबाबदारी याहून आधी सुरू होते. वर्गात शरीरशास्त्र एका विषयात, सौंदर्यशास्त्र दुसऱ्यात आणि स्त्रीप्रश्न तिसऱ्यात शिकविला जातो. विद्यार्थिनीचा देह मात्र एकच असतो. ताराबाईंनी विचारलेला प्रश्न याच जिल्ह्याच्या मातीतून उठला होता. माप घेणारा कोण आणि पट्टी कोणाची, हे विचारण्याचे बळ विद्यार्थिनीला वर्गातच मिळाले, तर पुढे तिने घेतलेला निर्णय, तो होकाराचा असो वा नकाराचा, तिचा स्वतःचा असेल.