संकेतस्थळावरील गृहजाहिरातींची भाषा : वर्णन आणि विधान

सोलापूर रस्त्यावरील हडपसर आता शेतीचे गाव राहिलेले नाही. येथील शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली. पुढे इतरही वसाहती उभ्या राहिल्या. या परिसरात घर शोधणारा मनुष्य पुष्कळदा जागा पाहण्यापूर्वी संकेतस्थळ वाचतो. तेथील गद्यावर विसंबून तो आयुष्याची बचत गुंतवितो. तेव्हा या गद्याची चिकित्सा करणे भाषाभ्यासकाने कमीपणाचे मानू नये.

‘निसर्गाच्या कुशीतले, स्थानकापासून पाच मिनिटांवरचे, स्वप्नातील घर’ हा प्रस्तुत लेखकाने रचलेला नमुना पाहावा. त्यात क्रियापद नाही, हा आक्षेप सहज सुचतो. परंतु तो पुरेसा नाही. ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ या म्हणीतही क्रियापद नाही, तरी ते पूर्ण विधान आहे. कारण ‘मोठे’ आणि ‘खोटे’ ही विधिविशेषणे आहेत. ती नामानंतर येऊन काही सांगतात, आणि जे सांगितले ते नाकारता येते. आपल्या नमुन्यातील विशेषणे मात्र सर्वच नामापूर्वीची, म्हणजे अधिविशेषणे आहेत. ती काही सांगत नाहीत. सारे आधीच मान्य झाले आहे असे गृहीत धरतात. शिवाय मिनिट हे अंतराचे माप नव्हे. कोणत्या वाहनाने व कोणत्या वेळच्या गर्दीतून, हे वाचकाला कळत नाही.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १२ अन्वये, जाहिरातीतील असत्य विधानावर विसंबून रक्कम भरणाऱ्या व त्यामुळे हानी सोसणाऱ्या ग्राहकास भरपाई मागता येते. परंतु जेथे विधानच केलेले नाही, तेथे असत्य कशावर बोट ठेवून दाखवावयाचे? संकेतस्थळावरील मजकूर रातोरात बदलता येतो, ही अडचण निराळीच.

अशी भाषा निदान आकर्षक तरी असते, असे तिचे समर्थन केले जाते. तेही टिकत नाही. इंग्लंडमधील १८९२ चा कार्लिल खटला प्रसिद्ध आहे. आपले औषधी साधन वापरूनही इन्फ्लुएन्झा झाल्यास शंभर पौंड देऊ, त्यासाठी एक हजार पौंड बँकेत ठेवले आहेत, असे एका कंपनीने जाहीर केले होते. पुढे तिने ही निव्वळ जाहिरात होती असा बचाव केला. अपील न्यायालयाने ते वचनच ठरविले. ज्या आकड्यांनी ग्राहकाचे लक्ष वेधले, त्यांनीच कंपनीला बांधले.

‘हडपसर स्थानक येथून दोन किलोमीटरांवर आहे, पायी पंचवीस मिनिटे लागतात. उन्हाळ्यात काही दिवस टँकरचे पाणी घ्यावे लागते.’ हा दुसरा नमुनाही आमचाच. त्यात गोडवा कमी आहे हे खरे. तथापि घर घेऊ इच्छिणारा वाचक थांबेल तो याच वाक्यांशी, कारण त्याला विचारावयाचे होते तेच त्यांत सांगितले आहे. विशेषणे वर्ज्य करावीत असे आमचे म्हणणे नाही. पण प्रत्येक विशेषणामागे एखादे पडताळता येणारे विधान असावे, आणि ते कोणत्या तारखेचे आहे हे पानावर नोंदलेले असावे.