पंचेचाळीस खंडांतली वाट

मागच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी पानिपतावर एक टिपण वाचलं. आधार होता गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादलेल्या 'पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद' या मालेच्या दुसऱ्या खंडाचा. खंडाचा विषयच पानिपत. तेव्हा एवढा पाहिला की काम झालं, असं धरून चाललो. वाचून झाल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे विचारलं, "एकविसावा आणि सत्ताविसावा पाहिलात का?" पाहिले नव्हते. 'याविषयी दफ्तरात कागद नाही' हे माझं वाक्य तिथल्या तिथे मागे घ्यावं लागलं.

दोष माझाच. पण नंतर सगळी माला पुन्हा चाळली तेव्हा वाटलं, वाट चुकायला तिची रचनाही थोडी कारण आहे.

सरदेसाई आपल्या बडोद्याचेच म्हणायचे. १८८९ ते १९२५ त्यांची चाकरी गायकवाड सरकारात झाली. निवृत्तीनंतर पुण्याच्या दफ्तरातले मोडी कागदांचे हजारो रुमाल सोडून त्यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले. त्याआधी, १८९८पासून, राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड निघत होते. जसजशी दप्तरं हाती लागली तसतशी ती माला वाढली, आणि तिच्यात शिरायचं तर राजवाड्यांच्या प्रस्तावनेचं बोट धरावं लागतं. सरदेसायांनी विषयवार खंड पाडले. पहिल्यात उदगीर, दुसऱ्यात पानिपत. पत्रांना क्रमांक, तारीख, वर इंग्रजीत थोडक्यात आशय. जुनी पत्रभाषा न कळणाऱ्यालाही पत्र कशाबद्दल आहे ते समजतं. नवख्या माणसाची एवढी सोय आधी कुणी केली होती?

अडचण पुढे येते. रुमाल सुटत गेले तसे पानिपतच्या काळाचे आणखी कागद निघाले. दुसरा खंड तर छापून झालेला. मग ते गेले एकविसाव्यात, बाळाजी बाजीराव आणि उत्तरेकडील घडामोडी या मथळ्याखाली. त्याची पुरवणी सत्ताविसाव्यात. दुसरा खंड वाचणाऱ्याला तो खंड हे कसं सांगणार? तो छापला तेव्हा पुढचे खंड निघालेच नव्हते. म्हणजे कपाटावर 'पानिपत' अशी चिठ्ठी लावली, आणि निम्मं सामान शेजारच्या खोलीत!

यावर कुणी म्हणेल, सगळे रुमाल पाहून मगच छापायचं होतं. मला ते पटत नाही. तसं थांबले असते तर आपल्या हाती बहुधा काहीच आलं नसतं. विषयवार विभागणीही चुकीची नाही, पण वाढत्या संग्रहात ती एकटी पुरत नाही. विषय संपादक ठरवतो, आणि एक पत्र दोन विषयांत बसतं. तारखेचं तसं नसतं. म्हणून विषयाबरोबर सगळ्या खंडांना ओलांडून जाणारी तारीखवार यादी हाताशी हवी, आणि तिच्यात मधे भर घालायला जागा हवी.

ही गोष्ट बडोद्याला नवी नाही. १९१०मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन यांना ग्रंथालयासाठी बोलावलं आणि त्यांनी इथल्या पुस्तकांसाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केलं. वर्गीकरणाचा फायदा हाच, की उद्या येणाऱ्या पुस्तकाची जागा आजच ठरलेली असते. छापील खंडाला ते जमत नाही. कार्डाला जमतं.

तर मी आता कार्डं करायला घेतली आहेत. वर तारीख, खाली खंड आणि पत्रक्रमांक, बाजूला पत्र कुणी कुणाला लिहिलं ते. सध्या फक्त १७६० आणि १७६१ ही दोन वर्षं, वर सांगितलेल्या तीन खंडांतून. खोकं मंडळाच्या कपाटात ठेवलं आहे. इतर खंडांत या दोन वर्षांचं पत्र दिसलं तर ज्याने त्याने कार्ड करून तारखेच्या जागी घालावं. माझं टिपण ती भर पडल्यावर पुन्हा लिहीन.