फांटे फुटणारी कथा

कथेच्या मध्यावर थांबून लेखकानें वाचकासच ‘आतां पुढें काय करावें?’ असें विचारावें, हा प्रकार पाश्चात्य वाङ्मयांत आतां नवा राहिलेला नाहीं. एडवर्ड पॅकर्ड यांचें ‘द केव्ह ऑफ टाइम’ हें अशा पुस्तकांच्या एका प्रसिद्ध मालेचें पहिलें पुस्तक १९७९ सालीं निघालें. वाचकानें वाट निवडावी व सांगितलेलें पान उघडावें, अशी त्यांत योजना होती. आज तेंच काम संगणकावर होतें. ख्रिस क्लिमस यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेलें ‘ट्वाइन’ हें साधन विनामूल्य मिळतें. कथेचे लहान लहान उतारे लिहावे, दुहेरी चौकोनी कंसांत पुढील उताऱ्याचें नांव घालावें, कीं दुवा तयार झाला. सगळ्या कथेचा नकाशाही पडद्यावर दिसतो. देवनागरींत लिहिण्यास कांहीं अडचण पडत नाहीं.

साधन इतकें सुलभ झालें म्हणजे मोह पडतो तो फांट्यांच्या संख्येचा. प्रत्येक वळणावर दोनच वाटा ठेवल्या, तरी दहा वळणांअंतीं १०२४ शेवट होतात. इतके शेवट मन लावून कोण लिहिणार? मग लेखक फुटलेल्या वाटा हळूच पुन्हा एकत्र आणतो. त्यास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती मागील निवडीचा विसर पडण्यास.

आमच्याच भागांतलें उदाहरण घेऊं. नशिराबादच्या हमरस्त्यावर एक तरुण उभा आहे. भुसावळास गेला तर नोकरीच्या गांवीं नेणारी आगगाडी सांपडेल. जळगांवास गेला तर रुग्णालयांतील वडिलांची भेट होईल. दोन्ही वाटा अखेर घरच्या ओट्यावर येऊन मिळाल्या तरी चालेल. परंतु भुसावळास गेलेल्या मुलाशीं आणि जळगांवास गेलेल्या मुलाशीं आई त्याच शब्दांत बोलली, तर ती निवड नव्हे, वाचकाची थट्टा होय. वाचकानें काय निवडलें याची आठवण ठेवण्याची सोय ‘ट्वाइन’मध्यें आहे, इंकल या संस्थेनें २०१६ सालीं सर्वांस खुल्या केलेल्या ‘इंक’ या भाषेंतही आहे. सोय असून ती न वापरणें हा दोष साधनाचा नव्हे, लेखकाचा.

आपल्या वेताळपंचविशींत फांटा असा एकही नाहीं. तथापि उत्तर ठाऊक असून मौन धरलें तर मस्तकाचीं शकलें, आणि बोललें तर वेताळ पुन्हा झाडावर, अशा पेंचांत विक्रम राजा सांपडतो. त्याच्या प्रत्येक उत्तरास किंमत पडते, म्हणूनच आपण कान देऊन ऐकतों. कृतीचें फळ असतें हें मुलें कथेंतूनच प्रथम शिकतात. कोणतीही वाट धरली तरी सारखेंच, असें शिकविणारी कथा त्यांच्या हातीं न पडलेली बरी.

म्हणून मराठी लेखकांनीं हें साधन अवश्य हातीं घ्यावें, पण वळणें तीनच ठेवावीं. शेवट आठच होतील. ते आठही मनापासून लिहितां येतील.