जहाज-ए-आखिरत : एका मशिदीचे वाचन

मुंबईतल्या शेख मेमन रस्त्यावरील जामा मशिदीविषयी लिहिणारे बहुतेक जण तिच्या पोटातल्या तळ्याचे नवल करून पुढे जातात. त्या नवलामागचा व्यवहार मात्र वाचायचा राहतो.

मुंबईच्या गॅझेटियरनुसार ही जागा एका हिंदू व्यापाऱ्याची होती. जागा विकताना तळे शाबूत ठेवण्याची अट त्याने घातली. म्हणून मशीद तळ्याशेजारी नव्हे, तळ्यावरच उभी राहिली. १८७४-७५ मध्ये पाण्यातून १६ काळ्या दगडी कमानी उभारल्या, तेव्हाही तळे बुजवले गेले नाही.

बांधकामाचे साल ‘जहाज-ए-आखिरत’ म्हणजे परलोकीचे जहाज, या शब्दांत गुंफले आहे. अबजद पद्धतीने ‘जहाज’चे १६, ‘आखिरत’चे १२०१, मिळून हिजरी १२१७, म्हणजे इसवी १८०२. ही नुसती आकडेमोड नव्हे. मशिदीचा कारभार कोकणी मुसलमानांकडे होता आणि या समाजात नाखुदे व जहाजांचे मालक होते. पाण्यावरच्या वास्तूला त्यांनी आपल्या धंद्यातलेच नाव दिले. परक्याने घातलेली अट अशी त्यांच्या श्रद्धेची प्रतिमा झाली.

आज बाहेर भाड्याची दुकाने आहेत, आत मदरसा आणि हस्तलिखितांचे ग्रंथालय आहे, आणि नमाजी त्याच तळ्यावर वजू करतात. वास्तूचे वर्णन करताना हा वापर वगळला, तर हाती फक्त कमानींची मोजणी उरते. दोनशे वर्षांपूर्वीचा शब्द अजून पाळला जातो, हे दगडापेक्षा पाण्यातच स्पष्ट दिसते.