माफीनाम्याचा कर्ता कोण?

माफीनामा हीदेखील एक संहिता असते. कवितेतला प्रत्येक शब्द समीक्षक ज्या कसोशीने तपासतो, त्याच कसोशीने जाहीर माफीचे वाक्यही तपासले पाहिजे, अशी आमची भूमिका आहे. या वाक्याला चार प्रश्न विचारावेत. त्याचा कर्ता कोण? त्याने केलेले कृत्य त्यात नाव घेऊन सांगितले आहे काय? ते कोणाला उद्देशून म्हटले आहे? आणि त्याच्या पुढचे वाक्य कोणते? आपल्याकडे माफीची वाक्ये पुष्कळ उच्चारली जातात आणि ती ऐकून टाळ्याही पडतात. परंतु हे चार प्रश्न क्वचितच विचारले जातात. म्हणून हा प्रपंच.

अलीकडचेच एक उदाहरण घेऊ. २९ मे २०२४ रोजी कळवा-मुंब्र्याचे आमदार जितेंद्र आव्हाड महाडला गेले. राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतील श्लोक आला होता. त्याचा निषेध म्हणून त्यांनी चवदार तळ्याच्या गावी मनुस्मृतीचे प्रतीकात्मक दहन केले. त्या वेळी जो फलक फाडला गेला, त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा होती. आव्हाडांनी तत्काळ जाहीर माफी मागितली. हे आपल्या हातून नकळत घडले, असे ते म्हणाले. विरोधकांनी राज्यभर आंदोलने केली. आमचे चार प्रश्न इथे लावून पाहा. कर्ता स्पष्ट आहे, कृत्य स्पष्ट आहे, माफी ज्यांची मागायची तेही स्पष्ट आहेत. संहिता म्हणून हा माफीनामा नीट आहे. पण महाडच्याच भूमीवर उभे राहून आम्हाला वेगळाच प्रश्न पडतो. प्रतिमा फाटली तर काही तासांत माफी मिळते, आणि ती मागायला लावणारे हजारो जण रस्त्यावर उतरतात. मात्र त्याच भूमीवर २० मार्च १९२७ रोजी जिवंत माणसांची डोकी फोडली गेली, त्याची जबाबदारी कोणी आणि कधी घ्यायची?

खोपटच्या एस.टी. स्थानकापासून महाडचे अंतर काही तासांचे आहे. आपली माणसे दरवर्षी तेथे जातात, ओंजळभर पाणी पितात आणि परततात. त्या पाण्याचा इतिहास मात्र पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. बोले यांचा ठराव १९२३ चा. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले होते. म्हणजे हक्क कागदावर आलेला होता. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी पाणी प्यायले, तेव्हा वीरेश्वराच्या देवळात शिरण्याची अफवा उठवून परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले: शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे आणि मंत्रघोष. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. सवर्णांनी दावा लावला, आणि तो उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने सुटायला मार्च १९३७ उजाडला.

या घटनाक्रमातील शुद्धीकरणाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण आपल्या समाजातील प्रायश्चित्ताच्या कल्पनेचे मर्म त्यात आहे. डोकी फोडणाऱ्यांना प्रायश्चित्त नव्हते. प्रायश्चित्त पाण्याला होते. धर्मशास्त्राच्या लेखी अपराध घडला होता तो स्पर्शाचा, हिंसेचा नव्हे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे ग्रामण्य माजले! न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकाग्रणीलाही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक पेला चहासाठी प्रायश्चित्ताची सोय असलेल्या त्या व्यवस्थेत, माणसाला पाणी नाकारल्याबद्दल प्रायश्चित्त सांगणारे कलम नव्हते. प्रायश्चित्त ही कर्त्याने स्वतःला शुद्ध करून घेण्याची क्रिया आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या विधीत हजर नसला तरी चालते. किंबहुना तो हजर नसावा, अशीच व्यवस्था असते.

हीच कल्पना १९३२ मध्ये नव्या पोशाखात आली. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर काही दिवसांतच अस्पृश्यतानिवारणासाठी संघटना स्थापन झाली. पुढे ती हरिजन सेवक संघ या नावाने ओळखली गेली. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये बोटीवरून ठक्करबापांना पत्र लिहून कार्यक्रम सुचवला. विहिरी, शाळा, चावड्या येथे नागरी हक्क बजावण्यासाठी मोहीम काढा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पत्राची साधी पोचही आली नाही. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा गांधीजींची भूमिका अशी की, अस्पृश्यता हे सवर्ण हिंदूंचे पाप आहे, हे कार्य त्यांचे प्रायश्चित्त आहे, आणि म्हणून ते त्यांनीच चालवावे. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या भूमिकेची चिरफाड केली आहे. गांधीजींच्या तळमळीविषयी आम्ही इथे शंका घेत नाही. आमचा आक्षेप तळमळीच्या रचनेवर आहे. या वाक्यात कर्ता आहे, कृत्यही आहे. परंतु ज्याला उद्देशून ते म्हणायचे, तो माणूस वाक्याबाहेर उभा आहे. त्याने फक्त सेवा करून घ्यायची!

आता आपल्या काळातले वाक्य घेऊ. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूरला ‘वज्रसूची टंक’ या ग्रंथाच्या प्रकाशनप्रसंगी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत बोलले. वर्ण आणि जाती या भूतकाळातल्या गोष्टी आहेत, त्या विसरल्या पाहिजेत. मागील पिढ्यांच्या हातून सर्वत्र चुका झाल्या, भारतही त्याला अपवाद नाही, आणि हे मान्य करायला हरकत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. चूक मान्य केली हे चांगलेच, पण नुसती माफी पुरेशी नाही, ती व्यवहारात उतरली पाहिजे, अशी प्रतिक्रिया शरद पवारांनी दिली. बातमी तेवढ्यावर संपली. समीक्षा तेवढ्यावर संपत नाही.

या वाक्याचा कर्ता ‘मागील पिढ्या’ हा आहे. त्या पिढ्या हयात नाहीत, त्यांच्यावर दावा लावता येत नाही. बोलणारा स्वतः वाक्याचा कर्ता होत नाही, तो केवळ निवेदक राहतो. ‘सर्वत्र’ हा शब्द अपराध इतका पसरवतो की तो कोणाच्याच अंगाला लागू नये. आणि ‘चूक’? चूक म्हणजे अजाणतेपणी घडलेली गोष्ट. इथे तर ग्रंथाचे नावच साक्षीला उभे आहे. अश्वघोषाच्या नावाने ओळखली जाणारी वज्रसूची ही जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वावर घाव घालणारी रचना शतकानुशतकांपूर्वीची आहे. बुद्धाने सांगितले, वज्रसूचीने सांगितले, चोखोबाने टाहो फोडला, जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली. इतक्यांदा लक्षात आणून दिल्यावरही जे चालू राहते, त्याला चूक म्हणत नाहीत. ज्यांनी ते सांगितले त्यांचे काय केले गेले, हेही आपल्याला ठाऊक आहे. आणि ‘विसरा’ हा उपदेश कोणाला आहे? जात विसरणे जिला फायद्याची ठरली तिला सोपे असते. जिने तिचे चटके सोसले तिला ते सांगणे, म्हणजे तिच्याजवळचा एकमेव पुरावा नष्ट करायला सांगणे होय.

साहित्यातही हीच कथा आहे. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ आला. पांढरपेशा वाचक हादरला. आम्हाला लाज वाटली, आम्ही अपराधी आहोत, अशी भाषा परीक्षणांतून वाहू लागली. ही लाज खोटी नव्हती. पण पुष्कळदा ते परीक्षण म्हणजे वाचकाचे प्रायश्चित्त ठरले. पुस्तक वाचून तो शुद्ध झाला, आणि बलुत्याची ज्या गावात मांडणी होती ते गाव परीक्षणात आलेच नाही. त्याआधी १९७२ मध्ये ‘साधना’त राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ आला, तेव्हा तर लाजेलाही जागा उरली नाही. ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची झालेली विटंबना त्या लेखाच्या मुळाशी होती. चर्चेचा सारा रोख मात्र ध्वजाच्या अवमानाकडे वळला. जाब विचारला गेला तो लिहिणाऱ्याला.

मग माफी कशी असावी? जोतीरावांनी याचे उत्तर ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेतच दिले आहे. त्यांनी तो ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यांनी गौरव केला तो हळहळीचा नव्हे, कृतीचा. त्याच अमेरिकेने पुढे दोन प्रकारच्या माफीचे नमुने जगापुढे ठेवले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले होते; १९८८ च्या कायद्याने त्यांची माफी मागितली गेली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले गेले. २००९ मध्ये सिनेटने गुलामगिरीबद्दल माफीचा ठराव केला, पण त्यातच कलम घातले की, या ठरावाच्या आधारे राष्ट्राविरुद्ध कोणताही दावा करता येणार नाही. पहिल्या माफीला पुढचे वाक्य होते. दुसरीने पुढचे वाक्य लिहिण्याची आधीच मनाई केली.

आपल्या राज्यसंस्थेनेही एकदा माफीच्या जवळ जाणारे वाक्य लिहिले आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या उद्देशिकेत, या कामगारांनी सोसलेला ऐतिहासिक अन्याय आणि अप्रतिष्ठा दूर करणे आवश्यक आहे, असे म्हटले आहे. फार मोलाचे वाक्य आहे ते! पण त्याचे पुढचे वाक्य काय? मे २०१९ मध्ये आपल्या ठाण्यातच, ढोकाळीत, एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन सफाई कामगार गुदमरून मेले. खोपटपासून ढोकाळी काही दूरदेशी नाही. आणि जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारने सांगितले की, हाताने मैला साफ करताना मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात मेलेले दुसऱ्या रकान्यात टाकले की हा रकाना कोरा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली, ती याच कोऱ्या रकान्यामुळे आवश्यक झाली. उद्देशिकेत अन्याय कबूल करायचा आणि उत्तरात मृत्यूच नाकारायचा, हा एकाच लेखणीचा व्यवहार आहे.

ही कसोटी आपल्या चळवळीलाही लावली पाहिजे, नाहीतर ती कसोटी राहणार नाही. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये वस्तीतल्या पुरुषाच्या हातचा सुनेचा छळ लिहिला. त्या पानांना चळवळीने दिलेले उत्तर बहुधा मौनाचेच होते. पोटजातींच्या बाबतीतही तेच. ‘व्यवस्थेने आम्हाला असे केले’ हे वाक्य खरे असले, तरी त्यातही कर्ता दुसराच आहे.

उलट, माफी हा शब्दही न उच्चारता जबाबदारी कशी घेता येते, हे महाडनेच दाखवले आहे. सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी नगरपालिकेतल्या आपल्या पदाचा उपयोग सार्वजनिक जागा खुल्या करण्यासाठी केला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्यांनी पूर्वजांच्या चुकांवर व्याख्यान दिले नाही. ज्या ग्रंथाने त्यांना जन्मतः श्रेष्ठ ठरवले, तोच त्यांनी सर्वांसमक्ष अग्नीत घालायला सांगितला. तिथे कर्ता पहिल्या पुरुषात होता, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला ती माणसे समोर होती, निर्णयात होती. म्हणून आम्ही माफीची याचना करीत नाही, आणि कोणी माफी मागितली म्हणून हिशेब मिटला असेही मानीत नाही. विशेषाधिकार सोडल्याचा दाखला आधी दाखवा. माफीचे शब्द मग कसेही असले तरी चालतील.